मामांनी शाळेला ठेवलेलं दान आणि मधला सॉलिसिटर

इंग्लंडमध्ये राहून मृत्युपत्रात गावच्या शाळेला किंवा वाचनालयाला काही ठेवायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. आमच्या मामांच्या बाबतीत जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मामा सत्तरच्या दशकात डॉक्टर म्हणून मिडलँड्समध्ये आले आणि तिथलेच झाले. लग्न केलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या ज्या शाळेत शिकले, तिच्यावर मात्र शेवटपर्यंत जीव होता. मृत्युपत्रात आम्हा भाचरांना ठरावीक रकमा होत्या. कर, देणी आणि त्या रकमा वजा जाता जे उरेल, त्याचे दोन सारखे भाग करायचे होते: एक तिथल्या हॉस्पिसला, म्हणजे बरं न होणाऱ्या आजाऱ्यांची शेवटपर्यंत सेवा करणाऱ्या संस्थेला, दुसरा गावची शाळा चालवणाऱ्या ट्रस्टला.

ज्या सॉलिसिटरनं, म्हणजे तिकडच्या वकिलानं, मृत्युपत्र करून दिलं, त्यानंच एकमेव एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे मिळकत गोळा करून वाटणारा) म्हणून स्वतःचं नाव घातलं होतं. तिकडे हे सर्रास चालतं, बेकायदेशीर नाही. पण त्यातली मेख बघा. सॉलिसिटरनं क्लायंट अकाउंटमधून, म्हणजे अशिलाचे पैसे ठेवायच्या खात्यातून, स्वतःची फी उचलण्याआधी क्लायंटला बिल द्यावं लागतं, असा नियम आहे. आणि मृत्युपत्राच्या कामात क्लायंट म्हणजे एक्झिक्युटर. म्हणजे बिल करणारा तोच, मंजूर करणारा तोच, पैसे उचलणाराही तोच.

आम्हा भाचरांचे पैसे झटपट आले. घरच्यांनी पुढे काही विचारू नये म्हणूनच ती घाई होती, असं माझं स्पष्ट मत आहे. हॉस्पिसलाही काही रक्कम आगाऊ देऊन ठेवली होती. वाटप करायला एक्झिक्युटरला वर्षभराची सवड कायद्यानंच असते, त्यामुळे पहिलं वर्ष कुणीच काही बोललं नाही. मग गावाहून ट्रस्टच्या सचिवांचा फोन आला. निवृत्त मुख्याध्यापक, अतिशय सज्जन माणूस. म्हणाले, "ताई, डॉक्टरसाहेब शेवटचे आले तेव्हा शाळेसाठी काही ठेवलंय म्हणाले होते. मागायला संकोच वाटतो, पण तिकडून साधं पत्रसुद्धा आलं नाही हो."

मी सॉलिसिटरला विचारलं. उत्तर आलं की भारतातल्या ट्रस्टला परदेशी पैसा घेता येत नाही, सबब ती देणगी रद्द झाली आहे. आणि मला माझी रक्कम मिळालेली असल्यामुळे तो मला हिशेब दाखवायला बांधील नाही.

यातलं दुसरं वाक्य बरंचसं खरं होतं, म्हणून पहिलंही खरं वाटायला लागतं. ठरावीक रक्कम मिळणाऱ्याला ती मिळाली की हिशेबावर फारसा हक्क उरत नाही. पण उरलेल्या मिळकतीत ज्याचा वाटा आहे, त्याला पूर्ण हिशेब मागण्याचा हक्क आहे, मग तो शेजारचा हॉस्पिस असो की कोकणातली शाळा.

पहिलं वाक्य मात्र धादांत खोटं. मामांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं होतं, त्यामुळे त्यांचा पैसा भारताच्या 2010 च्या परकीय योगदान कायद्याखाली येतो, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, हे बरोबर. आमच्या ट्रस्टकडे ती नोंदणी नव्हती, हेही बरोबर. पण त्याच कायद्यात ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रक्कम ठरावीक कामासाठी घ्यायला केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी मागता येते. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. काम वेळखाऊ आहे, कागद पुष्कळ लागतात. पण म्हणून देणगी रद्द होत नाही. एक्झिक्युटरचं काम होतं ट्रस्टला कळवायचं, पैसे वेगळे राखायचे आणि परवानगीची वाट बघायची. त्यानं शाळेला कळवलंच नाही.

प्रोबेटनंतर, म्हणजे कोर्टाची मोहोर लागल्यावर, मृत्युपत्र सार्वजनिक दस्त होतं, फी भरून कुणालाही प्रत मिळते. ती मी काढून सचिवांना पाठवली. ट्रस्टनं रीतसर ठराव करून हिशेब मागितला. मी हॉस्पिसलाही कळवलं. तिथं मृत्युपत्रातल्या देणग्या बघणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी मागणी लावून धरल्यावर अखेर कागद आले.

ते कागद आम्ही दोघींनी मिळून वाचले. तासाप्रमाणे फी लावलीच होती, वर मिळकतीच्या किमतीवर टक्केवारीही. "भारतीय ट्रस्टबाबत संशोधन" या नावाखाली चार वेगवेगळ्या नोंदी, प्रत्येकीचे पैसे घेतलेले. शाळेला लिहिलेलं एक पत्र नाही. इतका काळ पडून असलेल्या रकमेवर व्याज दाखवलेलं नाही. आणि घराची विक्री 3,97,000 पौंडांना. त्या बाईंनी तिथंच लँड रजिस्ट्रीची, म्हणजे सरकारी मालमत्ता नोंदणीची, नोंद उघडली, कारण विक्रीच्या किमती तिथं कुणालाही बघता येतात. किंमत होती 4,15,000. मधले 18,000 पौंड हिशेबात कुठंच नव्हते.

अशा वेळी दार चुकलं की महिने जातात, म्हणून सांगते. अप्रामाणिकपणाची तक्रार सॉलिसिटरांवर देखरेख करणाऱ्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीकडे करायची. ढिसाळ काम आणि अवाच्या सवा फी यासाठी आधी त्या फर्मकडेच लेखी तक्रार, आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या लीगल ओम्बड्समनकडे. मिळकतीतला लाभार्थीसुद्धा तिथं जाऊ शकतो. बिल जास्त वाटलं तर 1974 च्या सॉलिसिटर्स कायद्याखाली कोर्टाकडून तपासून घेता येतं. आमच्या तक्रारीनंतर अथॉरिटीनं ती फर्म बंद करून फायली ताब्यात घेतल्या.

तुम्ही स्वतः मृत्युपत्र करत असाल तर एक्झिक्युटर म्हणून सॉलिसिटरबरोबर घरचं एक माणूस घालाच. ट्रस्टचं नोंदणीकृत नाव, क्रमांक आणि पत्ता लिहा. "गावची शाळा" एवढं पुरत नाही. ट्रस्टला पैसे घेता आले नाहीत तर ते कशाकडे वळवायचे तेही लिहा. सॉलिसिटर टक्केवारी घेणार की तासाचे पैसे, ते सही करण्याआधी लेखी घ्या. आणि ट्रस्टला जिवंतपणीच पत्र पाठवून कळवा. आमचे सचिव संकोचानं गप्प राहिले असते तर हा हिशेब कधी उघडलाच नसता. लांबच्या, लहान, इंग्रजीत भांडायची सवय नसलेल्या संस्थेच्या याच संकोचावर त्या माणसानं भरवसा ठेवला होता, याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

आता नव्या एक्झिक्युटरनं हिशेब पुन्हा मांडायला घेतले आहेत. गेलेल्या पैशासाठी अथॉरिटीच्या नुकसानभरपाई निधीकडे अर्ज केला आहे. त्या निधीतून पैसे द्यायचे की नाही हे त्यांच्या मर्जीवर असतं. शाळेचा पूर्वपरवानगीचा अर्ज दिल्लीला गेला आहे, आणि तोवर शाळेचा वाटा वेगळ्या खात्यात, व्याजासह, राखून ठेवल्याचं पत्र सचिवांच्या हातात आहे.