निम्म्या जोराचा व्यायाम : राजारामपुरीतील एका वर्गाचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीतील एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर फेल्डेनक्रायस पद्धतीचा वर्ग चालतो. सावकाश केलेल्या लहान हालचालींकडे लक्ष देऊन शरीरातील अनावश्यक ताण ओळखायचा आणि तो सोडायला शिकायचे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. एका तासाची एक अशा आठ तासिकांचे शुल्क २,४०० रुपये आहे. मी दोन तुकड्या पूर्ण केल्या असून, वर्ग उत्तम आहे परंतु त्याच्या दारावरील फलक दिशाभूल करणारा आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मी २७ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आहे. गेल्या वर्षभरात उजवा खांदा इतका आखडला, की फळ्याच्या वरच्या भागात लिहिणे मी सोडूनच दिले होते. डॉक्टरांनी क्ष-किरण तपासणी केली, हाडात दोष नसल्याचे सांगितले आणि काही व्यायाम दिले. माझे बालपण मंगळवार पेठेत, तालमीच्या आवाजात गेले. अंग घामाने निथळल्याशिवाय आणि दुसऱ्या दिवशी रग जाणवल्याशिवाय व्यायाम झाला असे आमच्याकडे कोणी मानत नसे. डॉक्टरांनी दहा वेळा करायला सांगितलेला व्यायाम मी त्याच समजुतीने, दात आवळून, तीस वेळा करत राहिलो, आणि खांदा अधिकच धरला.

पहिल्या तासिकेत आम्हाला सतरंजीवर उताणे निजवून, शरीराचा कोणता भाग जमिनीला टेकला आहे आणि कोणता अधांतरी आहे, एवढेच पाहायला सांगण्यात आले. माझा डावा खवाटा जमिनीवर पसरला होता. उजवा मात्र वीतभर फळी खाली सरकवावी तसा उचललेला होता, आणि निजलेल्या अवस्थेत, कोणतेही काम नसताना, तो मीच उचलून धरला आहे हे माझ्या गावीही नव्हते. त्यानंतर डाव्या कुशीवर वळून, उजव्या खांद्याभोवती घड्याळाची तबकडी आहे, कानाच्या दिशेला बारा आणि कमरेच्या दिशेला सहा, अशी कल्पना करून खांदा एकेका आकड्यावरून फिरवायचा होता. वर्ग घेणाऱ्या बाई स्वतः काहीही करून दाखवत नाहीत, फक्त शब्दांनी सांगतात. त्यामुळे शेजाऱ्याकडे पाहून नक्कल करण्याची सोय राहत नाही. माझा खांदा सात आणि आठ यांच्या मध्ये अडखळून उडी घेत होता. मी सवयीने जोर लावताच बाई जवळ येऊन म्हणाल्या, "सर, अडलेल्या जागी जोर लावू नका. हालचाल निम्मी करा, आणि श्वास कुठे थांबतो तेवढे पाहा." श्वास तर थांबतच होता, शिवाय जबडाही घट्ट मिटलेला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात खडू हाती घेतला तेव्हा लक्षात आले, की समीकरणाची पूर्ण ओळ लिहून होईपर्यंत मी श्वास रोखून धरतो. ही सवय किती वर्षांची असेल, कोण जाणे.

जोर कमी करण्यामागचे कारण बाईंनी दळणाच्या उदाहरणाने समजावले. वीस किलोचा डबा खांद्यावर असताना त्यात कोणी मूठभर गहू टाकले तर कळत नाही, पण रिकाम्या तळहातावर चार दाणे पडले तरी कळतात. एकोणिसाव्या शतकात वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने संवेदनेविषयी मांडलेला हाच नियम. जोर जितका जास्त, तितका लहान फरक ओळखणे कठीण. मोशे फेल्डेनक्रायस (१९०४–१९८४) यांनी आपल्या पद्धतीत त्याला मोठे स्थान दिले. सध्याच्या युक्रेनमध्ये जन्मलेले हे गृहस्थ अभियंता आणि भौतिकशास्त्रज्ञ होते, ज्युदोही खेळत, आणि स्वतःच्या दुखावलेल्या गुडघ्याचा अभ्यास करता करता त्यांनी ही पद्धत घडवली. कुस्तीच्या गावात राहणाऱ्या मला, एका ज्युदोपटूने जोर कमी करायला शिकवावे, याचे विशेष वाटले. आमच्या तुकडीत तरुणपणी लाल मातीत उतरलेले एक साठीचे गृहस्थ होते. ते म्हणाले, "सर, आजवर मला कमी कर असं कुणी म्हटलंच नाही."

आता फलकाविषयी. 'शरीर स्वतःला बरे करते, औषधांशिवाय वेदनामुक्ती' असे त्यावर लिहिले आहे. बाई स्वतः असे कधीही म्हणत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे डॉक्टरांचे कागद पाहिले आणि हे शिक्षण आहे, उपचार नव्हे, असे बजावले. ऑस्ट्रेलिया सरकारने २०१५ मध्ये अनेक नैसर्गिक उपचारपद्धतींचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यातही या पद्धतीच्या परिणामकारकतेचा स्पष्ट पुरावा आढळला नव्हता. अशा स्थितीत एखादा मधुमेही किंवा हृदयरोगी तो फलक वाचून गोळ्या बंद करील, ही भीती मला गंभीर वाटते. मी ती बोलून दाखवली आहे. हे लिहीपर्यंत फलक तसाच आहे.

इतर उणिवा किरकोळ आहेत. संध्याकाळच्या तुकडीत रस्त्यावरच्या भोंग्यांमुळे बाईंचे शब्द हरवतात, म्हणून सकाळची साडेसहाची तुकडी घ्यावी. दहा जणांच्या खोलीत कधी चौदा जण असतात आणि कुशीवर वळताना हात शेजाऱ्याला लागतो.

माझ्यापुरते सांगायचे तर फळ्याचा वरचा भाग मी पुन्हा वापरू लागलो आहे आणि उजव्या कुशीवर झोपू शकतो. उत्तरपत्रिकांचे जड गठ्ठे उचलताना खांदा अजूनही दुखतो, आणि डॉक्टरांचे व्यायामही चालू आहेत. आता मात्र ते दहाच वेळा, श्वास चालू ठेवून करतो. वजन कमी करण्यासाठी किंवा ताकद वाढवण्यासाठी कोणी येथे जाऊ नये. ज्यांचे काम वर्षानुवर्षे एकाच अंगाने चालते, त्या शिंपी, सोनार, चालक आणि शिक्षक मंडळींनी अवश्य जावे. सतरंज्या पातळ आहेत. घरून जाड घोंगडे न्यावे.