ज्वारीचं पीठ असं ताणलं जात नाही

मार्चमध्ये लेकीचा टीटीजीचा, म्हणजे गव्हाचं पथ्य नीट पाळलं जातंय का हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आला. आकडा उतरायच्या ऐवजी चढलेला. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "गहू कुठून जातोय?" मला त्यांचाच राग आला. सव्वा वर्ष झालं, मैदा-रवा सोडाच, मुलीच्या डब्याजवळ आम्ही पोळीचा तुकडा ठेवत नाही.

तिला सिलिअॅक आहे. गहू किंवा जव यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. यावर गोळी नाही, जन्मभराचं पथ्य. 'एखाद्या दिवशी थोडंसं चालतं' हे वाक्य नातेवाईकांच्या तोंडी फार असतं, पण चालत नाही.

पथ्य महाग पडतं. ऑनलाइन मिळणारं ग्लूटेन-फ्री पीठ आम्हाला २४० रुपये किलोनं पडायचं, बिस्किटांचं तर बोलूच नका. म्हणून जिथून महिन्याचं सामान भरतो त्या मोठ्या दुकानात सुट्या पिठांच्या काउंटरवर 'ज्वारी मिक्स, ग्लूटेन फ्री' अशी चिठ्ठी दिसली, भाव ९५ रुपये, तेव्हा मी दोन किलो घेतलं. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, मिक्स म्हणजे काय? "ज्वारी, नाचणी, तांदूळ. मऊ व्हावं म्हणून इसबगोल टाकलंय ताई, डायबेटिसवाले पण नेतात." इसबगोल खरंच टाकतात, त्यामुळे मला पटलं.

आणि पीठ होतं सुरेख! ज्वारीची भाकरी थापताना कडा फुटतात, उकड नीट काढली नाही तर तव्यावर टाकताना मोडते. हे पीठ गार पाण्यात भिजवून पोळीसारखं लाटता यायचं. लेक वर्षभरानं गुंडाळी करून भाजी खात होती. पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, ज्वारी अशी ताणली जात नाही." मी म्हटलं, आई, त्यात इसबगोल आहे. चार महिने तेच पीठ आणलं. पोट फुगतंय, तोंड आलंय, वजन जागच्या जागी, हे सगळं मी परीक्षेच्या ताणावर ढकललं.

रिपोर्ट आल्यावर सासूबाईंनीच त्या पिठाचा गोळा मळला, अर्धा तास ठेवला आणि नळाच्या बारीक धारेखाली चोळत बसल्या. नुसती ज्वारी-नाचणी असती तर गोळा पाण्याबरोबर वाहून गेला असता. इसबगोलाचा नुसता बुळबुळीतपणा उरला असता. आमच्या हातात उरला सुपारीएवढा रबरासारखा चिवट गोळा. तेच ग्लूटेन. (ही परीक्षा सरसकट लावू नका. गहू भरपूर असेल तरच गोळा उरतो. गिरणीतून चुकून मिसळलेला गहू यात दिसत नाही आणि सिलिअॅकच्या मुलांना तेवढाही बाधतो.)

दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा बदललेला. मॅनेजर म्हणाले, "बिल दाखवा." बिलावर छापलेलं होतं 'मिक्स आटा लूज'. ग्लूटेन फ्री हे शब्द फक्त त्या हातानं लिहिलेल्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी आता नव्हती. पिशवीवर घटक नाहीत, एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक नाही, काहीच नाही. किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन असेल तर 'ग्लूटेन फ्री' म्हणता येतं असा नियम आहे, पण ते म्हटल्याचा पुरावाच माझ्याकडे नव्हता. चिठ्ठीचा एक फोटो काढला असता तर! अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली आहे, उरलेलं पाऊण किलो पीठ बिलासकट बांधून ठेवलंय.

सुटं पीठ आता बंद. ज्वारी आणि तांदूळ अख्खे आणते, निवडते, आणि हप्त्यावर घेतलेल्या घरघंटीत दळते. कोपऱ्यावरच्या गिरणीत आधीच्या दळणाचा गहू पाळ्यांत राहतोच, गिरणीवाला कितीही भला असला तरी. पाकीटबंद वस्तूची समोरची बाजू मी बघतच नाही. नाचणी बिस्किटाच्या पुड्यावर समोर नाचणीचं कणीस असतं, मागे घटकांत पहिला शब्द मैदा, आणि यादीत सगळ्यात जास्त असलेला घटक पहिला लिहितात. मल्टिग्रेन आट्यात गहूच जास्त. कॉर्नफ्लेक्समध्ये बहुधा जवाचं माल्ट, सोया सॉसमध्ये गहू.

एवढं सगळं तपासून झाल्यावर फोडणीच्या डब्यातली हिंगाची डबी उलटी केली. गव्हाचं पीठ. तीसुद्धा सव्वा वर्ष रोजच्या वरणात पडत होती.