पापण्यांच्या ‘लिफ्ट किट’पायी माझे ८,३४८ रुपये कसे बुडाले

माझे एकूण ८,३४८ रुपये गेले. त्यांपैकी १,८४९ रुपये घरच्या घरी पापण्यांना वळण देण्याच्या किटचे होते आणि उरलेले ६,४९९ रुपये त्याच किटचे पैसे परत मागताना गेले. म्हणजे किट घेताना बुडाले त्याच्या तिपटीहून अधिक पैसे परत मागताना बुडाले. फोंडा, मडगाव, म्हापसा येथील ओळखीच्या बायकांच्या मोबाइलवर त्या किटची जाहिरात अजून येत आहे, म्हणून हे लिहिणे भाग आहे. ज्यांना हसायचे असेल त्यांनी खुशाल हसावे. आमच्या घरी तो कार्यक्रम आधीच आटोपला आहे.

लांब पापण्यांचे लोक कौतुक करतात, पण माझ्या पापण्या लांब असल्या तरी सरळ खाली झुकणाऱ्या आणि एकमेकींत अडकणाऱ्या आहेत. त्या चष्म्याच्या काचेला घासतात आणि दुपारपर्यंत काचेवर आतल्या बाजूने तेलकट रेघा उमटतात. कर्लर, म्हणजे पापण्या वळवण्याचा चिमटा, वापरायचा तो कोरड्या पापण्यांवर आणि मस्कारा लावण्याआधीच, कारण नंतर दाबला तर केस रबराला चिकटून उपटले जातात, एवढे मला चांगले कळते. पण आपल्याकडच्या दमट हवेत स्कूटरवरून पणजीला निघाले की बाणस्तारीचा पूल येईपर्यंत ते वळण उतरलेले असते. पार्लरमध्ये लॅश लिफ्ट करतात तेव्हा पापण्या सिलिकॉनच्या पट्टीवर चिकटवून पहिल्या द्रावणाने केसांतील प्रथिनांचे बंध सैल करतात आणि दुसऱ्या द्रावणाने नवा आकार पक्का करतात. जुन्या पापण्या गळून नव्या येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे, तो टिकतो. पणजीतील पार्लरने त्याचे ३,२०० रुपये सांगितले होते. पुतणीचे लग्न तोंडावर असताना १,८४९ रुपयांत तेच घरी होत असेल, तर कोणत्या बाईने विचार केला नसता?

जाहिरातीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे एकाच डोळ्याचे दोन फोटो होते. दोन्हींत बुबुळावर रिंग लाइटचे पांढरे कडे अगदी त्याच जागी पडलेले होते आणि खालच्या पापणीशी सुटून पडलेला एक केसही तसाच, तेवढ्याच कोनात होता. पंधरा मिनिटे रसायन लावून, धुऊन, पुसून घेतलेल्या डोळ्यावर तो केस जसाच्या तसा राहील कसा? फोटो एकच होता, पापण्या तेवढ्या वर रंगवल्या होत्या. मी तो केस पाहिला होता आणि चांगल्या स्टुडिओत काढलेले फोटो दिसतात, असे मनाशी म्हटले होते. पुढे पत्ता मडगावचा दिला होता, ‘गोव्यातील ग्राहकांसाठी खास’ असे मराठीत लिहिले होते, आणि आपल्याच गावातला माणूस समजून आपण ढिले पडतो, हे त्या लोकांना नेमके ठाऊक असते. आगाऊ पैसे भरल्यास ४५० रुपयांची सूट होती. घरपोच पैसे देण्याची सोय असताना केवळ सवलतीच्या लोभाने कोणी आगाऊ भरू नये.

पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता परराज्यातला होता. आत कडेला गंज धरलेला कर्लर, दोन सिलिकॉनच्या पट्ट्या आणि ‘१’ व ‘२’ एवढेच लिहिलेल्या दोन पुड्या निघाल्या. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत असावीच लागते आणि माल आयात केलेला असेल तर आयातदाराचे नाव व नोंदणी क्रमांकही लागतो. येथे त्यातले अक्षरही नव्हते. पहिल्या पुडीतील द्रव कानामागे टिपकाभर लावून पाहिला, तर सकाळपर्यंत तेथे लाल चट्टा उठला. ज्यांना मी अतिसावध वाटते त्यांनी हेच पापणीच्या कडेला लावल्यावर बुबुळाचे काय झाले असते ते नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

मी लगेच पैसे परत मागितले. दुसऱ्या दिवशी फोन आला. बाई मराठीत, अतिशय अदबीने, ‘ताई, ताई’ करीत बोलत होती. तिला माझा ऑर्डर क्रमांक, घराचा पत्ता, भरलेली रक्कम सारे ठाऊक होते. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर पाठवला आणि सांगितले, “ताई, हा स्कॅन करा, मग परताव्याचा कोड टाका, सहा चार नऊ नऊ, म्हणजे तुमची पडताळणी होईल.” मी सहा, चार, नऊ, नऊ टाकले. त्या चौकटीत आकड्यांच्या आधी रुपयाचे चिन्ह होते. ते मला दिसत होते, आजही डोळे मिटले की तेवढेच दिसते. पण ती सतत बोलत होती, “पुढे, आता पुढे, वेळ संपेल ताई,” आणि समोर दहावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यानंतर पिन. पैसे घेताना पिन लागत नाही हे मलाही माहीत आहे. सासूबाईंना ते मीच शिकवले होते. पण ‘पैसे येणार’ हे कानात भरले की डोळ्यांपुढचे चिन्हही आपण कोडाचाच भाग समजतो. खाते एका पुरुषाच्या नावाचे होते, दुकानाचे नव्हे. ६,४९९ रुपये वजा झाल्याचा संदेश आला तेव्हा ती म्हणाली, “अडकले आहेत, पुन्हा स्कॅन करा.” मी फोन ठेवला, निदान तेवढे तरी केले.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यातून उचलली जाण्याआधी गोठवता आली तरच काही हाती लागते. मी तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, आणि खरी फरफट तेथून पुढे सुरू झाली. पोलीस ठाण्यातील हवालदाराने प्रथम “कसले किट?” असे मोठ्याने विचारले, मग शेजारच्यालाही ऐकवले. रक्कम लहान आहे, आरोपी परराज्यातला आहे, हद्द आमची नाही, असे एकामागून एक निघाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीची सबब सांगून तक्रार नाकारता येत नाही, हे मी म्हटल्यावर “मॅडम, कायदा तुम्ही शिकवणार का?” असे उत्तर मिळाले. मी शिक्षिकाच आहे, शिकवीनही, पण तेथे खुर्चीसुद्धा कोणी दिली नाही. बँकेत तर त्याहून कहर होता. पिन तुम्हीच टाकला म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला, असे सांगून त्यांनी हात झटकले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातील ग्राहकसंरक्षण अनधिकृत व्यवहारांसाठी होते आणि फसवून घेतलेली संमतीही बँकेच्या लेखी संमतीच ठरली. लेखी द्या म्हटले तर व्यवस्थापक रजेवर. लेखी तक्रारीची पोच मात्र भांडून घ्या, कारण तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाताना तीच लागते. ८,३४८ रुपये ज्यांना लहान वाटतात त्यांनी ते आपल्या खिशातून काढून दाखवावेत.

मावसभाऊ मडगावच्या त्या पत्त्यावर जाऊन आला, तर तेथे पंक्चर काढण्याचे दुकान होते आणि दुकानदार म्हणे अशा चौकशांना कंटाळला आहे. जाहिरात देणारे तेच पान आता निराळ्या नावाने चालू असून त्यावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव नाही, जे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार असायलाच हवे. खरेदीपूर्वी एवढे एक शोधले तरी पुरते.

माझ्यासारख्या पापण्यांना सध्या स्वच्छ ब्रशने मुळापासून टोकाकडे विंचरून थोडे पारदर्शक जेल लावणे एवढेच मी करते. पापण्या आत वळून डोळ्याला टोचत असतील तर मात्र जेल, कर्लर, किट काही नको, थेट डॉक्टरकडे जावे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नसते, तेव्हा माझा अर्ज आता तेथे जाणार आहे. याच किटमध्ये कोणी अडकले असेल तर राग येऊन तो क्रमांक लगेच ब्लॉक करू नका. आधी संपूर्ण संभाषण, क्यूआर, यूटीआर म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक आणि पार्सलवरील लेबल यांचे फोटो काढून ठेवा, कारण पोलिसांनी मला पहिल्यांदा तेच मागितले आणि लेबल सासूबाईंनी रद्दीत टाकलेले होते.