किराण्याचा क्लोजिंग सेल: फसवणूक नेमकी कुठे होते

‘दुकान बंद करणे आहे, सर्व मालावर ५० टक्के सूट’ असा फलक दिसला की पिशवी उघडण्याआधी एक हिशोब मांडा. नावाजलेल्या कंपन्यांची बिस्किटं, साबण, चहा यांवर किराणा दुकानदाराला साधारण आठ ते बारा टक्के सुटतात. साखर आणि गोडेतेलात तर दोन-चार टक्क्यांवरच भागवावं लागतं. मग तोच माल निम्म्या किमतीत देणं परवडतं कसं?

दुकान खरोखर बंद करणारा माणूस चालता माल सेलमध्ये काढतच नाही. तो वितरकाला परत करतो, नाहीतर ओळखीच्या दुकानदाराला खरेदीभावात देऊन मोकळा होतो. फळीवर उरतो तो न खपलेला माल. गर्दी वाढली की त्यात बाहेरून आणलेला माल मिसळतो: मुदत संपत आलेली पाकिटं, आणि कधी नाव न ऐकलेल्या कंपन्यांचा सुकामेवा, मसाले. यांची एमआरपीच फुगवून छापलेली असते. पाव किलो बदामावर ४५० छापून २२५ ला दिले आणि बाजारात सुटे बदामही त्याच भावाचे असतील, तर सूट कसली?

तारखेचा खेळ सगळ्यात घातक. पाकिटावरची शाई थिनरने निघते आणि त्या जागी नवी तारीख मारता येते. पाकीट उजेडात तिरकं धरा. पुसलेल्या जागेची चमक गेलेली दिसते, कडेला करडा डाग उरतो. नवे आकडे बॅच नंबरच्या ओळीत सरळ बसत नाहीत, किंवा त्यांचे ठिपके जाड-बारीक असतात. संशय आला तर त्याच बॅचचं दुसरं पाकीट शोधा. बॅच एक आणि तारखा दोन असतील तर दोन्ही तिथेच ठेवा. ‘उत्पादनापासून नऊ महिने’ एवढंच लिहिलं असेल तर महिने बोटांवर मोजा, काउंटरवरच्या मुलाला विचारू नका. ‘एकावर एक फुकट’मध्ये दोन पाकिटं चिकटपट्टीने बांधलेली असतात आणि पट्टी बरोबर तारखेवरून गेलेली असते. ती सोडायला सांगा. किमतीचा स्टिकरही नीट बघा. किंमत कमी केल्याचा स्टिकर लावता येतो, पण कंपनीने छापलेली मूळ एमआरपी त्याखाली झाकता येत नाही.

जुन्या मालात आणखी एक मेख आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, साबणाच्या वड्या, शाम्पू, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. म्हणजे करासकट ११८ रुपयांची वस्तू १०५ ला यायला हवी, साधारण ११ टक्क्यांनी स्वस्त. त्याआधी छापलेल्या एमआरपीवर कोणी ‘१० टक्के सूट’ देत असेल, तर नुसत्या करकपातीइतकेही पैसे सुटलेले नाहीत.

तेलाच्या पिशवीवरचे ग्रॅम वाचा. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. लिटरसारख्याच दिसणाऱ्या पिशवीत ७५० किंवा ८०० ग्रॅमही असू शकतं, आणि सूट त्यातच जिरते. रवा, बेसन, मैद्याची पाकिटं उलटी करून बघा, जाळी धरली असेल तर कोपऱ्यात गुठळ्या दिसतात. गोठवलेले मटार हलवल्यावर खुळखुळायला हवेत. दगडासारखा एकच गोळा लागला तर ते वितळून पुन्हा गोठले आहेत. आवराआवरीच्या दिवसांत वीजबिल वाचवायला रात्री फ्रीझर बंद ठेवणारेही असतात. बाळाचं खाणं आणि अनोळखी नावाचं तूप सेलमधून घेऊच नका.

बिलावर थांबून नजर टाका. स्कॅन केल्यावर एमआरपीच पडते, सूट वेगळी टाकावी लागते, आणि गर्दीत चार-पाच वस्तूंची ‘राहून जाते’. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. चिठ्ठीवर आकडेमोड करून दिली तर पक्कं बिल मागा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीला बिचकू नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरले जातात. अर्थात महिन्याभराने तिथे मोबाइलचं दुकान असेल, म्हणून तपासणी पैसे देण्याआधीच.

मोठी रक्कम मात्र बुडते ती भिशीत. दिवाळीच्या किराण्यासाठी दरमहा तीनशे-पाचशे भरायचे, कार्डावर शिक्का घ्यायचा आणि दिवाळीला तेल, रवा, साखर, पोहे उचलायचे, ही पद्धत गावोगावी आहे. दुकान आवरताना मालक सांगतो, ‘भिशीचे पैसे मालात घ्या.’ पण सूट भिशीवाल्यांना लागू नाही, सगळं एमआरपीनेच. किंवा ‘सेल संपल्यावर या’, आणि सेल संपतो तेव्हा शटरला कुलूप असतं. सेलचा फलक लागला त्याच दिवशी कार्डाचे फोटो काढा, यूपीआयच्या नोंदी जपा, बाकी रक्कम मालकाकडून सहीनिशी लिहून घ्या आणि रोख परतावा मागा. टाळाटाळ झाली तर सगळ्या सभासदांनी मिळून पोलीस ठाण्यात जा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्यात मालाच्या रूपात परत करायच्या ठेवीही धरल्या आहेत. एकेकट्याने गेलात तर ‘आपसात मिटवा’ हेच ऐकू येण्याची शक्यता जास्त.

फलक उतरण्याआधी भिंतीवरचा अन्न परवाना, त्यावरचा १४ आकडी क्रमांक आणि जीएसटी क्रमांक यांचा फोटो घेऊन ठेवा. दुकान गेलं तरी परवानाधारकाचा माग त्यावरूनच लागतो. मुदतबाह्य माल किंवा बदललेली तारीख असेल तर अन्न व औषध प्रशासन, वजन किंवा एमआरपीची तक्रार असेल तर वैधमापन शास्त्र विभाग. कुठे जायचं कळेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. तोवर ते पाकीट फोडू नका, बिलासकट तसंच ठेवा.