त्या हॉलमध्ये ‘घरी विचारून सांगतो’ म्हणता येत नाही

सत्तर हजार आठशे रुपये. ऑगस्ट २०२३ मधल्या एका रविवारी संध्याकाळी, पिंपरीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये उभ्या उभ्या मी शेअर ट्रेडिंगच्या कोर्सची एवढी फी कबूल केली, तीही घरी एक फोन न करता. मी भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. अठरा वर्षं झाली. दोनशे रुपयांचं बेअरिंग घ्यायचं असलं तरी तीन कोटेशन मागवल्याशिवाय मी सही करत नाही. असा माणूस त्या दिवशी सत्तर हजारांना कसा तयार झाला, हे मला स्वतःला समजून घ्यायला बरेच महिने लागले. जे समजलं ते लिहितोय, कारण अशा सेमिनारच्या जाहिराती रोज माझ्या फोनवर येतात, म्हणजे तुमच्याही येत असणार.

सुरुवात ९९ रुपयांच्या वेबिनारने झाली. दोन तास, शुद्ध मराठीत, अगदी शेजारचा दादा बोलावा तसं. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, टर्म इन्शुरन्स घ्या, क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू भरत बसू नका. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, आणि विश्वास बसला तो त्यामुळेच. शेवटी सांगितलं की खरी गोष्ट समोरासमोरच शिकवता येते, रविवारी पूर्ण दिवसाचं सेमिनार आहे, ४९९ रुपये, जेवणासकट. मी म्हटलं, जाऊन बघायला काय हरकत आहे.

सकाळी नऊला पोचलो. दीड-दोनशे माणसं असतील. एसी इतका थंड की बायका पदर अंगाभोवती घेऊन बसल्या होत्या. फोन बंद करून बॅगेत ठेवायला सांगितले. मोठ्या आवाजात गाणी, उभं राहून टाळ्या, शेजारच्याच्या हातावर हात मारायचा आणि ओरडायचं, ‘मी तयार आहे!’ दर पाच मिनिटांनी स्टेजवरून प्रश्न: तुम्हाला मुलांना चांगलं शिक्षण द्यायचंय की नाही? हात वर करा. आईवडिलांना विमानाने काशीला न्यायचंय की नाही? हात वर. नाही म्हणता येईल असा एकही प्रश्न सकाळपासून विचारला गेला नव्हता. संध्याकाळपर्यंत आमचा हात आपोआप वर जात होता.

चहाच्या आधी एक पिवळा कागद वाटला. नाव, पगार, डोक्यावरचं कर्ज, एफडी, सोनं. खाली एक ओळ होती: ‘तुमची सगळ्यात मोठी भीती कोणती?’ मी लिहिलं, मुलीच्या इंजिनिअरिंगची फी. ती तेव्हा दहावीत होती. हा कागद तुमच्या स्वतःसाठी आहे, असं सांगितलं होतं. जेवायच्या आधी टी-शर्ट घातलेल्या पोरांनी ते सगळे गोळा करून नेले. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

जेवण मिळालं पावणेतीनला. त्यानंतर दिवे मंद केले आणि डोळे मिटायला लावले. तुमची आई आयसीयूच्या बाहेर स्ट्रेचरवर आहे, काउंटरवरचा माणूस दोन लाख डिपॉझिट मागतोय, तुम्ही खिसे चाचपताय. मागे सतार वाजत होती. माझ्या शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते, हुंदके देऊन रडले. माझे वडील असेच गेलेत. मीही रडलो. त्या रडण्याची मला आज लाज वाटत नाही, पण ते पैशासाठी रडवलं गेलं, याचा राग अजून जात नाही.

दिवे लागले आणि लगेच फळ्यावर गणित सुरू झालं. एक लाख रुपये, महिन्याला ‘फक्त’ ५ टक्के, दहा वर्षं. उत्तर साडेतीन कोटींच्या जवळ येतं. हे गणित बरोबर आहे, मी नंतर घरी करून पाहिलं. पण महिन्याला ५ टक्के चक्रवाढीने म्हणजे वर्षाला जवळजवळ ८० टक्के. तेव्हा बँक एफडीवर ७ च्या आसपास देत होती. कुणीही सलग दहा वर्षं ८० टक्के कमावत असेल, तर तो रविवारी हॉटेलात येऊन आपल्याला कोर्स कशाला विकेल? एवढा साधा प्रश्न त्या हॉलमध्ये दोनशे जणांपैकी एकालाही पडला नाही, कारण आम्ही नुकते डोळे पुसत होतो.

मग किंमत. फळ्यावर १,८०,००० लिहिलं, तांबड्या पेनाने खोडलं. १,२०,००० लिहिलं, खोडलं. मग ६०,०००, अधिक १८ टक्के जीएसटी, पहिल्या पंचवीस जणांना, तेही आज आणि आत्ता. मागच्या टेबलांवर कुणी नाव नोंदवलं की पितळी घंटा वाजायची आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवायच्या. तेवीस झाले. चोवीस झाले. नंतर कळलं की पंचवीसनंतरही तेवढ्याच पैशांत नोंदणी चालू होती.

आता जे सांगणार आहे ते नीट वाचा, कारण माझ्या मते सगळा खेळ इथे आहे. मध्यमवर्गीय माणसाच्या तोंडी अशा वेळी एकच वाक्य येतं: ‘घरी विचारून सांगतो.’ आपल्या बापजाद्यांना याच वाक्याने कितीतरी वेळा वाचवलंय. स्टेजवरून शिकवणाऱ्या सरांना ते पक्कं माहीत होतं, म्हणून कुणी ते उच्चारायच्या आधीच त्यांनी त्याचा बंदोबस्त केला. पुरुषांकडे वळून म्हणाले, ‘बायकोला विचारायला जाल तर ती घाबरणारच. तिला कमावून दाखवा, मग सांगा, तिच्या डोळ्यांत पाणी येईल.’ आणि पाच मिनिटांनी बायकांकडे वळून: ‘ताई, आयुष्यभर नवऱ्याला विचारूनच जगणार का? एक निर्णय स्वतःचा घ्या.’ दोन्ही वाक्यांना टाळ्या पडल्या. दोन्हींचा अर्थ एकच होता: फोन करू नका. तिथे नवराबायको एकत्र आलेली जोडपी फार थोडी होती. जी होती त्यांना नोंदणी करणाऱ्या पोरांनी वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मी उठून मागच्या दाराकडे निघालो होतो. पंचविशीतला एक मुलगा आडवा आला. हातात माझा पिवळा कागद. ‘सर, मुलगी दहावीत ना? दोनच वर्षं आहेत आपल्याकडे.’ ‘आपल्याकडे’ म्हणाला तो. मी म्हटलं, एवढे पैसे आत्ता नाहीत. तो म्हणाला, पैसे लागतच नाहीत सर, नो-कॉस्ट ईएमआय, महिन्याला ५,९०० फक्त, बारा महिने. माझा फोन मीच चालू करून त्याच्या हातात दिला. पॅन, आधारचा ओटीपी, सेल्फी, मग बँकेतून दरमहा रक्कम कापायची परवानगी, तिचा आणखी एक ओटीपी. सहा-सात मिनिटं. मला वाटत होतं की मी क्लासची फी हप्त्याने भरतोय. घंटा वाजली. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

घरी गेल्यावर बायकोला सांगितलं. ती चिडली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘अहो, हे कर्ज कुणाच्या नावावर आहे?’ मी म्हटलं, कर्ज नाहीये, ईएमआय आहे. तिने फोन घेतला आणि आलेला मेसेज मोठ्याने वाचला. एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर ७०,८०० रुपयांचं कर्ज मंजूर केलं होतं आणि पूर्ण रक्कम सेमिनारवाल्यांच्या खात्यात गेलीसुद्धा होती. म्हणजे त्यांचं काम त्या संध्याकाळीच संपलं होतं. पुढे शिकवा, नका शिकवू, हप्ता मला भरायचाच होता. चुकवला तर सिबिल माझं बिघडणार.

कोर्सबद्दल फार लिहीत नाही. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, शनिवारी झूमवर दीड तास, त्यातला निम्मा वेळ कुणाला किती नफा झाला त्याचे स्क्रीनशॉट. यूट्यूबवर फुकट मिळतं त्याहून वेगळं काही नव्हतं. पण त्यांनी दिलेल्या लिंकवरूनच डिमॅट खातं उघडायला लावलं आणि तिसऱ्या आठवड्यात बँक निफ्टीच्या ऑप्शनवर आणलं, म्हणजे बँकांच्या शेअरचा निर्देशांक ठरलेल्या मुदतीत वर जाईल की खाली, यावर पैसे लावायचे सौदे. त्याच वर्षीच्या जुलैपासून सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, आदेशाने प्रत्येक ब्रोकरच्या ॲपवर लॉगिन करताना एक सूचना येऊ लागली होती: फ्युचर्स-ऑप्शनमध्ये दहापैकी नऊ जणांना तोटा होतो. कुणीतरी झूमवर त्याबद्दल विचारलं. सर म्हणाले, ‘ते नऊ जण न शिकलेले. तुम्ही शिकलेले आहात. ओके दाबा आणि पुढे चला.’ मी रोज सकाळी ओके दाबत होतो.

नोव्हेंबरच्या एका बुधवारी, एक्सपायरीच्या म्हणजे सौद्याची मुदत संपण्याच्या दिवशी, १८० रुपयांच्या भावाने ऑप्शनची १५० क्वांटिटी घेतली. सत्तावीस हजार. स्टोअरमध्ये माल उतरवून घेत होतो, मध्ये मध्ये फोन बघत होतो. दीड वाजता ११०, अडीचला ४०, साडेतीनला शून्याच्या जवळ. ड्रायव्हर चलनावर सही मागत उभा होता आणि मला त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. फेब्रुवारीपर्यंत एकूण एक लाख चाळीस हजार गेले. तोटा सांगितल्यावर उत्तर आलं की तुमची मानसिकता अजून तयार नाही, अडीच लाखांची मेंटॉरशिप घ्या. तिथे मी थांबलो. थांबवलं बायकोने, हे खरं.

पुढे सेबीचा सप्टेंबर २०२४ मधला अभ्यास वाचला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्क्यांना तोटा, खर्च धरून सरासरी दोन लाखांच्या आसपास, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा कमावणारे फक्त १ टक्का. स्टेजवर उभे केलेले यशस्वी विद्यार्थी त्या १ टक्क्यातले होते की तेही नव्हते, हे मला कधी कळणार नाही. त्यांच्या नफ्याचं ब्रोकरचं अधिकृत स्टेटमेंट कुणी दाखवलं नाही आणि आम्ही मागितलंही नाही.

पैसे परत मागितले. करारात लिहिलं होतं, रिफंड सात दिवसांत मागायचा, पण पहिले चार क्लास पूर्ण केलेले असले पाहिजेत. क्लास आठवड्याला एक. म्हणजे रिफंड कुणालाच मिळणार नाही अशी ती अट होती, आणि ती मी सही करताना वाचली नव्हती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. चार महिन्यांनी २५,००० परत आले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. पण माझ्याकडे पुरावा फार थोडा होता. स्टेजवरच्या वचनांचं रेकॉर्डिंग नाही, जाहिरातीचा स्क्रीनशॉट नाही, पिवळा कागद त्यांच्याकडे.

तुम्ही अशाच एका रविवारी सही करून बसला असाल, तर सोमवारची वाट बघू नका. डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या थोड्या दिवसांत दंड न भरता बाहेर पडता येतं. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च परत करायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ती मुदत कर्जासोबत येणाऱ्या ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये लिहिलेली असते. मला ते ईमेलवर त्याच रात्री आलं होतं. मी ते उघडलं दोन महिन्यांनी. क्लासवाल्यांना आणि कर्ज देणाऱ्या कंपनीला, दोघांनाही त्याच दिवशी लेखी कळवा. फोनवर बोललेलं नंतर कुणी कबूल करत नाही.

आणि जायच्या आधी सेबीच्या संकेतस्थळावर नाव शोधा. गुंतवणूक सल्लागाराचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ने (INA) सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा ‘आयएनएच’ने (INH). ‘आम्ही सल्ला देत नाही, फक्त शिकवतो’ असं उत्तर मिळेल. आमच्या सरांनीही हेच सांगितलं होतं, आणि शनिवारच्या क्लासमध्ये सोमवारी कुठला स्ट्राइक, म्हणजे कुठल्या आकड्याचा ऑप्शन, घ्यायचा तेही सांगायचे. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने स्पष्ट केलं की नुसतं शिक्षण द्यायचं असेल, तर गेल्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून शेअरबद्दल बोलायचं नाही. समोर आजचा चार्ट उघडला, तर ते शिकवणं उरलं नाही, हे ओळखा.

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याने मला ४९९ रुपयांची एक पावती दाखवली. चोवीस वर्षांचा आहे, नुकता नोकरीला लागलाय. दुसरी कंपनी, दुसरे सर, हॉटेल मात्र तेच. मी त्याला जाऊ नको म्हटलं नाही, माझ्या सांगण्याने तो थांबला नसता. डेबिट कार्ड आणि पॅन घरी ठेवायला लावलं, कुठल्याही कागदावर पगार लिहायचा नाही म्हणून सांगितलं, आणि फळ्यावरचा पहिला आकडा खोडला की मला फोन कर म्हटलं. साडेपाचला फोन आला. मागे घंटा वाजत होती, त्याचा आवाज जरा चढलेला होता. ‘काका, चौदाच जागा राहिल्यात. पोरगा म्हणतोय आधारचा नंबर सांगितला तरी चालेल. काय करू?’

मी म्हटलं, ‘फोन चालू ठेव आणि खाली ये. मी गेटसमोर रिक्षा स्टँडवर उभा आहे, चार वाजल्यापासून.’