पालिका कर्मचाऱ्यांचे सुरक्षा प्रशिक्षण: हजेरी चौकीपर्यंत पोहोचलेली एक सेवा

मुंबईत महापालिकेच्या सेवेत असलेल्या कोणालाही सुरक्षा प्रशिक्षण नवे नाही. सभागृहात बसायचे, पडद्यावरची चित्रे पाहायची, हजेरीपत्रकावर सही करायची आणि प्रमाणपत्र घेऊन आपल्या टेबलाशी परतायचे, असा त्याचा ठरलेला साचा आहे. आमच्या विभाग कार्यालयाने या वेळी एका खासगी प्रशिक्षण संस्थेची जी सेवा घेतली, ती या साच्यात बसणारी नव्हती, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. सेवेचे तीन भाग होते: प्रत्यक्ष प्रशिक्षण, कर्मचाऱ्यांसाठीचे मासिक वार्तापत्र आणि आपत्तीच्या वेळी मदतीला येऊ इच्छिणाऱ्या कर्मचाऱ्यांची स्वयंसेवक म्हणून नोंदणी. यांतला पहिला भाग उत्तम, दुसरा निराशाजनक आणि तिसरा अर्धवट आहे, असे माझे मत झाले. संस्थेचे नाव येथे देत नाही. अशी सेवा देणाऱ्या संस्था मुंबईत अनेक आहेत आणि इतर खात्यांतील सहकाऱ्यांना त्यांतून निवड करताना नेमके काय तपासावे हे कळणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग बंदिस्त जागेतील, म्हणजे गटारे आणि टाक्यांच्या आतील, कामाचा होता. त्यासाठी संस्थेने हजेरी चौकीच्या, म्हणजे सफाई कामगार रोज हजेरी देतात त्या ठिकाणाच्या, मागच्या अंगणात सिमेंटची कडी एकावर एक रचून जमिनीवरच मॅनहोल उभे केले होते आणि सारे शिक्षण त्याच्या तोंडाशी उभे राहून झाले. झाकण उघडल्यावर लगेच आत डोकावायचे नाही, आजूबाजूची झाकणे उघडून हवा खेळू द्यायची, ताजी हवा आत ढकलणारा पंखा म्हणजे ब्लोअर लावायचा आणि मग वायुमापक यंत्र दोरीने आत सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन पातळ्यांवर मोजणी करायची, हा क्रम प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे करून घेतला गेला. तीन पातळ्या का, हे प्रशिक्षकांनी फार चांगले समजावले. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने वर साचतो आणि हायड्रोजन सल्फाइड जड असल्याने तळाशी बसतो. त्यामुळे तोंडाशी घेतलेली एकच मोजणी सुरक्षित दिसली, तरी खाली मृत्यू दबा धरून असू शकतो. हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो आणि तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की उतरायचे नाही. मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर एक ठिणगीही स्फोटाला पुरते.

हायड्रोजन सल्फाइडविषयी जे सांगितले गेले, ते मला वाटते पालिकेच्या प्रत्येक मुकादमाला तोंडपाठ असायला हवे. या वायूला सडक्या अंड्यांसारखा वास येतो आणि आमच्यापैकी अनेक जुने कामगार त्या वासावर विसंबून धोका ओळखतात. वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे १०० भागांपर्यंत गेले, की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू निघून गेला असे समजून माणूस पुढे जातो आणि तेथेच कोसळतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीसाठीचा साधा मास्क या वायूपुढे निरुपयोगी आहे, आणि जेथे मुळात प्राणवायूच कमी आहे तेथे हवा गाळून देणारा महागडा मास्कही माणसाला वाचवू शकत नाही; तेथे बाहेरून हवा पुरवणारा श्वसनसंचच लागतो. वीस-पंचवीस वर्षे हे काम केलेले लोक हे ऐकताना एकमेकांकडे पाहत होते. त्यांना हे यापूर्वी इतक्या स्पष्टपणे कोणी सांगितलेले नव्हते, आणि याची खंत आपल्या सगळ्यांना वाटायला हवी.

यानंतरचा सराव अधिक अवघड होता. एका कामगाराला कड्यांच्या आत बेशुद्ध पडल्याचे सोंग करायला सांगितले आणि उरलेल्यांना त्याला बाहेर काढायला. पहिल्या खेपेस दोघे जण क्षणाचाही विचार न करता आत उतरले. प्रशिक्षकांनी शिट्टी वाजवून सराव थांबवला आणि आता येथे तीन मृतदेह आहेत, असे शांतपणे सांगितले. अशा दुर्घटनांत पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसरा आणि तिसराही जातो, हे आपण बातम्यांत वारंवार वाचतो. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत ४ मजूर गुदमरून दगावले; ते गटारही नव्हते, पाण्याची टाकी होती. आपला माणूस डोळ्यांसमोर पडला की उडी घेणे हा माणुसकीचाच भाग आहे, आणि म्हणूनच ती आवरण्याची सवय सरावानेच लागते. दुसऱ्या खेपेस आत जाणाऱ्याच्या अंगावर आधीपासून हार्नेस, म्हणजे दोर अडकवण्याचे पट्टे, होते, मॅनहोलच्या तोंडाशी तिपाई उभी होती आणि कोणीही आत न उतरता वरूनच दोराने त्याला बाहेर ओढण्यात आले. कायद्याची बाजूही येथे थोडक्यात आली: संरक्षक साधनांशिवाय गटारे आणि मलटाक्या साफ करून घेण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूंसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. कामगारांना आपला हक्क कळावा म्हणून ही माहिती हवीच होती, परंतु त्याहीपेक्षा साधनांशिवाय उतरायला नकार देण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे वरिष्ठांसमक्ष त्यांना सांगितले गेले, याचे मला विशेष वाटले.

आगीवरचे सत्र कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी होते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली आणि ५ जणांचे प्राण गेले, हे आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असते; पण त्या आठवणीचा आपल्या जिन्यात रचलेल्या फायलींच्या गठ्ठ्यांशी संबंध आहे, हे आपण विसरतो. प्रशिक्षकांनी सुरुवात तेथूनच केली. त्यांनी सर्वांना इमारतीतून फिरवून कुलूपबंद दरवाजे, जिन्यातली कपाटे आणि एकाच सॉकेटवर जोडलेली तीन-चार उपकरणे दाखवली. नंतर पटांगणात लोखंडी तसराळ्यात आग पेटवून प्रत्येकाच्या हाती अग्निशामक सिलिंडर दिला: पिन खेचा, नळीचा रोख ज्वाळांवर न धरता आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा आणि केरसुणी फिरवावी तसा फवारा दोन्ही बाजूंना फिरवा. लहान सिलिंडर काही सेकंदांतच रिकामा होतो, हे हाताने अनुभवल्याशिवाय खरे वाटत नाही. निवृत्तीला आलेल्या आमच्या एका वरिष्ठ लिपिक बाईंनी आयुष्यात प्रथमच ही पिन खेचली आणि त्यांच्यानंतर रांगेत मागे उभ्या असलेल्या सगळ्या जणी पुढे आल्या.

सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन त्याला वाचवण्याचे, सत्र बरे होते, मात्र घाईत उरकले गेले. छातीच्या मध्यभागी ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब आणि ३० दाबांनंतर २ श्वास, हे सर्वांना पाठ झाले. परंतु सरावाचे पुतळे इतके कमी होते की अनेकांच्या वाट्याला जेमतेम एक फेरी आली. दाब देताना हात किती लवकर भरून येतात आणि दर दोन मिनिटांनी माणूस का बदलावा लागतो, हे एका फेरीत कळत नाही.

पावसाळ्याच्या सत्राबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा सेवेत असलेले काही जण आजही आमच्या विभागात आहेत आणि प्रशिक्षकांनी त्यांनाच बोलते केले. पाणी साचलेल्या रस्त्यावर उघडे झाकण दिसत नाही, हे २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेल्यावर साऱ्या शहराला कळले. झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवण्याचे काम त्यानंतर सुरू झाले. झाकण काढले की तेथे लाल निशाणासह माणूस उभा राहिलाच पाहिजे, निशाण एकटे पुरत नाही, हा नियम या सत्रात पक्का करून घेतला गेला. साचलेल्या पाण्यात काम केल्यावर लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा आजार टाळण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन हे औषध घ्यावे, पायाला जखम असलेल्याला त्या दिवशी पाण्यात उतरवू नये, आणि गमबूट फाटला असेल तर तो त्याच दिवशी बदलून मिळावा, ही चर्चा बराच वेळ चालली. गमबुटांच्या मापाचा प्रश्न महिला सफाई कामगारांनी काढला. पुरुषांच्या मापाचा बूट सैल पडतो, त्यात पाणी शिरते आणि चिखलात पाय रुततो; संस्थेने हा मुद्दा आपल्या अहवालात लेखी नोंदवला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

या सेवेची निवड करताना आमच्या कार्यालयाने एका गोष्टीसाठी आग्रह धरला होता, तो म्हणजे कंत्राटी कामगारांनाही कायम कामगारांच्या शेजारीच बसवायचे. रस्त्यावर दोघे एकच काम करतात आणि धोका दोघांना सारखाच असतो, तरी प्रशिक्षणाच्या यादीत कंत्राटी नावे क्वचितच दिसतात. संस्थेने त्यासाठी वेगळे शुल्क मागितले नाही आणि सत्रे कामाच्या वेळेतच, त्या दिवसाची हजेरी धरून घेतली. सारी भाषा मराठी होती, गरज पडेल तेथे हिंदी; शब्द चौकीवरचेच होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांची परीक्षा तोंडी आणि प्रात्यक्षिकाने झाली. प्रशिक्षण चांगले की वाईट हे ठरवण्यासाठी मी यापुढे हीच कसोटी लावणार आहे: रस्त्यावर सर्वांत धोकादायक काम करणाऱ्या माणसाने त्या दिवशी साधन स्वतःच्या हाताने चालवले का?

वार्तापत्र या कसोटीला उतरत नाही. दरमहा येणाऱ्या त्या चार रंगीत पानांवर सत्कारांची छायाचित्रे, निवृत्तांची नावे, परिपत्रकांचे सारांश आणि आरोग्याविषयीचे सर्वसाधारण सल्ले असतात. छपाई सुबक आहे, भाषा शुद्ध आहे, पण एखाद्या विभागात काल काय थोडक्यात टळले, हे त्यात कधीही नसते. झाड छाटताना फांदी विजेच्या तारेला लागता लागता राहिली, डंपर मागे घेताना कामगार चाकाखाली येता येता वाचला, अशा घटना चौकीवर चहाबरोबर सांगितल्या जातात आणि तेथेच विरतात. नाव न छापता, कोणाला दोष न देता अशी प्रत्येक घटना दोन परिच्छेदांत छापली, तर दुसऱ्या विभागातला मुकादम दुसऱ्या दिवशी सावध होईल. कर्मचाऱ्यांसाठी याहून मोठी बातमी कोणती असू शकते? शिवाय अंक ई-मेलने येतो आणि चौकीवर ई-मेल पाहणारे कोणी नाही. तो छापून सूचना फलकावर लागावा, ही आमची विनंती अद्याप मान्य झालेली नाही.

स्वयंसेवक नोंदणीला प्रतिसाद मोठा मिळाला आणि त्यामुळेच पुढे काही न घडल्याचे वाईट अधिक वाटले. विसर्जनाच्या काळात कृत्रिम तलावांवर निर्माल्य वेगळे करणे, किनारा स्वच्छता, पूरग्रस्तांच्या तात्पुरत्या निवाऱ्यात मदत, यांसाठी तरुण लिपिकांपासून कक्ष परिचरांपर्यंत अनेकांनी नावे दिली. नावे एका तक्त्यात गेली आणि तेथेच राहिली. कोणाला पोहता येते, कोण प्रथमोपचार जाणतो, कोण कोठे राहतो, हे विचारलेच गेले नाही. अतिवृष्टीच्या रात्री लोकल बंद असताना विरारला राहणारा स्वयंसेवक परळला कसा पोहोचणार, याचा विचार नोंदणी करतानाच व्हायला हवा. केंद्राच्या आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकाला १२ दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते, आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणासाठी परळला महापालिकेची स्वतःची संस्थाही आहे. आमच्या इच्छुकांची यादी तेथपर्यंत नेणे हे खासगी संस्थेला सहज जमण्यासारखे होते. स्वयंसेवेच्या दिवसाची बदली रजा मिळेल का, दुखापत झाली तर ती कामावरची धरली जाईल का, या प्रश्नांची उत्तरेही लेखी हवीत. त्यांच्याशिवाय कनिष्ठ कर्मचाऱ्याला नाव देण्याचा आग्रह करू नये, असे मला मनापासून वाटते.

पुढच्या वर्षासाठी करार करताना प्रशिक्षणाचा भाग कायम ठेवावा, सीपीआरच्या पुतळ्यांची संख्या करारातच लिहून घ्यावी आणि वार्तापत्राचे पैसे वाचवून ते रात्रपाळीच्या सत्रांकडे वळवावेत, असा अभिप्राय मी कार्यालयाला दिला आहे. रात्रपाळीचे कामगार या वेळी पूर्णपणे वगळले गेले होते. त्यांच्यासाठी पाळी सुरू होताना चौकीवरच, दिव्याच्या उजेडात सत्र घेण्याची तयारी संस्थेने दाखवली आहे आणि मे महिन्यात, पहिला पाऊस येण्याआधी, ते व्हावे यासाठी आमचा पाठपुरावा चालू आहे.