गाडी तुमची, कागद आमच्याकडे

पन्नाशीच्या आसपास नोकरी सुटली आणि ट्रकच्या धंद्यात उतरायचं ठरवलं, की काही ठरावीक लोक माणसाला बरोबर गाठतात. हे लिहितोय ते त्यांच्याबद्दल. गाडी चालवण्याबद्दल माझी तक्रार नाही. ती या वयातही शिकता येते. गिअरचा ताल बसायला बरोबरच्या पोरांपेक्षा मला जास्त वेळ लागला. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं, हे डोक्यातून हातात उतरायला तर आणखीच. पण उतरलं. डोळे, रक्तदाब, साखर सगळ्याची तपासणी पार पडली, लायसन रीतसर निघालं. फसवणूक सुरू झाली ती लायसन हातात आल्यावर.

एका वाहतूक कंपनीत चालकाच्या जागेची चौकशी करायला गेलो होतो. भरतीचं काम बघणारा माणूस माझ्या निम्म्या वयाचा. पगाराचा विषय त्याने निघूच दिला नाही. ‘काका, आयुष्यभर दुसऱ्याची चाकरी केलीत, आता पुन्हा पगारावर कशाला? गाडी घ्या, मालक व्हा.’ ट्रक कंपनी देणार, आपण सुरुवातीला अनामत भरायची, हप्ता दर आठवड्याला भाड्यातून कापला जाणार आणि काही वर्षांनी गाडी आपल्या नावावर. बँकेत खेटे नकोत, जामीनदार नको, मालही कंपनीच देणार. नोकरी सुटताना हातात किती आले, हे त्याने गप्पांच्या ओघात आधीच काढून घेतलं होतं. अनामतीचा आकडा नेमका त्याच बेताचा निघाला. याला मी योगायोग म्हणत नाही.

त्याने कागदावर कमाई मांडून दाखवली. महिन्याला १५,००० किलोमीटर, गुणिले दर, वजा डिझेल, वजा हप्ता. खाली उरलेली रक्कम माझ्या जुन्या पगाराच्या दुप्पट. गुणाकार-वजाबाकी चोख होती, खोट पहिल्याच आकड्यात होती. महिन्याचे २५ दिवस धरले तर १५,००० म्हणजे रोज ६०० किलोमीटर. भरलेली गाडी, घाट, गर्दी धरून सरासरी ताशी ५० पडली तर १२ तास नुसते स्टिअरिंगवर. आता कायदे बघा. युरोपीय संघात दिवसाला ९ तास चालवता येतं, आठवड्यातून दोनदा १०, आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची. अमेरिकेत मालवाहू ट्रकला ११ तास. भारतात १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात कामाचेच तास साधारणपणे दिवसाला ८ होते. म्हणजे त्या कागदावरची कमाई यातल्या कुठल्याच नियमात बसत नव्हती. शिवाय माल भरायला-उतरवायला गाडी तासन्‌तास उभी राहते, तो वेळ हिशोबात कुठेच नव्हता. उभ्या गाडीचे पैसे कोणी देत नाही, हप्ता मात्र उभ्या गाडीचाही चालू असतो.

तरी मी सही केली. दर आठवड्याला मिळणाऱ्या हिशोबाच्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. पहिली ओळ एकूण भाड्याची, ठळक अक्षरात. त्याखाली बारीक अक्षरात कपाती: हप्ता, विमा, ट्रेलरचं भाडं, जीपीएसचं भाडं, डिझेलची उचल, दर किलोमीटरमागे देखभाल निधी, कागदपत्रांचा खर्च, आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’. हे ‘इतर’ म्हणजे काय, ते विचारलं की हिशोब बघणाऱ्या बाई भरतीवाल्याकडे बोट दाखवायच्या आणि तो म्हणायचा, ते हिशोबवाल्यांना विचारा. देखभाल निधी हा खरं तर आपलाच पैसा. पण दुरुस्ती त्यांच्याच गॅरेजमध्ये, त्यांच्याच दराने करायची, आणि करार मध्येच मोडला तर निधी परत नाही. हे करारात लिहिलेलं होतं, अनामतीच्या कलमापासून बरंच लांब, ‘व्याख्या’ या मथळ्याखाली. असल्या गोष्टी तिथे लपवायला डोकं लागतं, एवढं मान्य.

गाडीची खरी कुंडली एका जुन्या चालकाने यार्डात उघडून दाखवली. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १४१७ म्हणजे २०१७ चा चौदावा आठवडा. ‘नुकतेच टाकलेत’ म्हणून सांगितलेले टायर कितीतरी जुने निघाले. मग इंजिन चालू ठेवून त्याने ऑइलचं झाकण सैल केलं. भकाभका धूर वर आला. इंजिनमधली हवा पिस्टनच्या कडेने खाली गळत असली की असं होतं, आणि तो खर्च साधा नसतो. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. उन्हाची पट्टी खाली ओढली तर मागे एका लहान मुलीच्या नावाचं स्टिकर, त्याच्या खाली अर्धवट खरवडलेलं आणखी एक नाव. माझ्याआधी याच गाडीचे हप्ते भरून कोणीतरी ‘मालक’ होत होतं, आणि त्याच्याही आधी दुसरं कोणीतरी. कंपनीला गाडी विकायचीच नव्हती. तीच गाडी पुन्हा पुन्हा हप्त्यावर चढवायची, हाच धंदा.

तो चालतो कसा, तेही नीट समजून घ्या. माल देणारी कंपनीच, हप्ता कापणारी तीच, दुरुस्तीचं बिल लावणारी तीच. सुरुवातीला भाडी बरी मिळतात. बरीच रक्कम भरून झाली की फोन थंडावतो. ‘काका, सध्या मार्केट मंद आहे.’ त्याच आठवड्यात नवी भरती झालेल्या पोरांना मात्र लांबच्या फेऱ्या मिळत होत्या. बाहेरचा माल उचलायला करारात मनाई. मग चिठ्ठीच्या तळाशी उणे आकडा येतो, तो पुढच्या आठवड्यात ओढला जातो, आणि हप्ता थकला की गाडी कंपनीची, भरलेले पैसेही कंपनीचे. पंचविशीतला पोरगा यातून सावरतो. साठीकडे झुकलेल्याची पुंजी एकदा गेली की पुन्हा उभी करायला वर्षं कुठून आणायची? म्हणूनच आपल्यासारखे गिऱ्हाईक त्यांना बरे वाटतात.

हा प्रकार एकाच कंपनीपुरता नाही. अमेरिकेत अशा करारांच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानुसार ट्रक लीजिंग टास्क फोर्स (ट्रकच्या भाडेकरारांचा अभ्यास करणारा गट) नेमला गेला, आणि जानेवारी २०२५ च्या अहवालात त्याने अशा भाडे-खरेदी करारांवर बंदीच घालावी अशी शिफारस केली.

तुम्हाला अशी योजना कोणी सांगितली तर एकच मागणी करा: हप्ते पूर्ण फेडून गाडी स्वतःच्या नावावर करून घेतलेल्या चालकाशी बोलायचंय, म्हणा. कंपनीने पुढे केलेला ‘यशस्वी’ माणूस नको, त्याच्या नावावरचे गाडीचे कागद दाखवा. मी ओळखीतल्या चालकांकडे चौकशी केली, असा एकही सापडला नाही. करार घरी नेऊ देत नसतील, ‘आज सही केली तरच ही गाडी’ म्हणत असतील, तर उठून या. आणि नवशिक्या माणसाने आधी काही काळ पगारावर गाडी चालवावी, या मताचा मी आता पक्का आहे. डिझेल किती जातं, टायर किती टिकतात, भाडं कुठे बुडतं, हे दुसऱ्याच्या खर्चाने शिकता येतं.

जे आधीच अडकलेत त्यांनी प्रत्येक चिठ्ठी, फेरीची प्रत्येक नोंद आणि फोनवरचे निरोप सांभाळून ठेवावेत. वकील पहिल्यांदा तेच मागतो. गाडी परत करायची वेळ आली तर चावी हातात देण्याआधी किलोमीटरच्या काट्याचा, टायरचा, केबिनचा फोटो काढा आणि कंपनीने गाडी कुठल्या अवस्थेत परत घेतली याची सहीची पोच घ्या. मला पोच दिली नाही, ‘काका, विश्वास नाही का’ म्हणाले. नंतर गाडी खराब करून परत दिली म्हणून वेगळी रक्कम मागणारं पत्र घरी आलं.